तळे, तयं आणि लॉख

(बी. ए. भाग दोन)

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस चालू होता, वर्गात अर्धीच मुले होती, आणि इंग्रजीच्या सरांनी नेमलेला धडा बाजूला ठेवून कॅम्पबेलची 'लॉर्ड उलिन्स डॉटर' ही जुनी कविता सांगायला घेतली. १८०९ साली छापलेली ही कविता आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. पावसाने सरांना तिची आठवण करून दिली असावी. एका सरदाराची मुलगी आपल्या प्रियकराबरोबर पळून निघते. मागून बापाचे घोडेस्वार येत असतात आणि पुढे पाणी आडवे येते. नावाडी वादळातही नाव घालायला तयार होतो. पण काठावर येऊन पोचलेल्या बापाच्या डोळ्यांदेखत ती नाव बुडते. सर सांगत होते तोवर वर्ग अगदी चिडीचूप होता. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, "पण सर, तळ्यात एवढ्या लाटा कशा उठतील?"

प्रश्न रास्त होता. कवितेतल्या त्या पाण्याच्या नावात 'लॉख' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सरांनी आम्हाला 'तळे' असाच सांगितला होता. सर हसले. म्हणाले, "स्कॉटलंडातले लोक चारी बाजूंनी जमीन असलेल्या पाण्यालाही लॉख म्हणतात आणि जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यालाही लॉखच म्हणतात. कवितेतले उल्वा हे बेट पश्चिम किनाऱ्यावर मल नावाच्या मोठ्या बेटाला लागून आहे. म्हणजे हे पाणी समुद्राचे. आपल्या कोकणातल्या खाडीसारखे समजा."

यवतमाळात बसून आम्ही खाडी काय समजणार! पण माझे लक्ष अर्थाकडे नव्हते, उच्चाराकडे होते. सरांनी फळ्यावर इंग्रजीत तो शब्द लिहिला तेव्हा आम्ही सगळ्यांनी 'लॉच' वाचला. कोणी तरी 'लॉक' म्हणाले. सर म्हणाले, "लॉक म्हणजे कुलूप. इंग्रज लोक आळसाने तसेच म्हणतात, आणि स्कॉच माणूस मनातल्या मनात हसतो." मग त्यांनी घशाच्या मागून वारा घासत तो 'ख' काढून दाखवला. आम्हाला काही जमेना. शेवटी उर्दू शाळेतून आलेल्या आमच्या मैत्रिणीने एका दमात म्हणून दाखवला, जसा ती 'खत' किंवा 'खबर' म्हणते तसा. सर खूश झाले आणि त्याच खुशीत त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, "तुमच्या गावी तळ्याला काय म्हणतात?"

कोणी 'तलाव' म्हणाले. कोणी 'तळे' म्हणाले. एकाने 'डॅम' म्हटले तेव्हा सगळे हसले. पण तो खोटे बोलत नव्हता, आमच्या पिढीला तळ्याआधी धरण माहीत होते. गोंदियाकडून आलेल्या मुलाने 'बोडी' हा शब्द सांगितला; त्यांच्याकडे धानाच्या शेतीसाठी बांधलेल्या लहान तलावाला बोडी म्हणतात. झरी-जामणीकडच्या एका मुलीने पलीकडच्या तेलुगू गावांत 'चेरुवु' म्हणतात असे सांगितले. तिच्या घरी कोलामी बोलतात. मग हळूच म्हणाली, "आमच्यात पाण्याला 'ईर' म्हणतात." वर्गात कोणी ते याआधी ऐकलेले नव्हते. पैनगंगेच्या अलीकडे, आमच्याच जिल्ह्यात रोज तोंडात असलेला शब्द, आणि एका जिल्ह्यातले आम्ही तो पहिल्यांदा ऐकत होतो.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "सर, तळे." आणि खाली बसले.

हे खरे नव्हते. माझ्या घरी तळ्याला तळे म्हणत नाहीत. 'तयं' म्हणतात.

वऱ्हाडी खेड्यांत वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या बोलीत 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. डोळा नाही, डोया. काळा नाही, काया. शाळा ती शाया, आभाळ ते आभाय, गूळ तो गूय. आजी यवतमाळला 'यवतमाय' म्हणते. तळ्याच्या पाळीला 'पाय' म्हणते. "तयाच्या पायीवर खेळू नका" असे ती ओरडायची तेव्हा तळ्याला पाय असतात आणि रात्री ते उठून कुठे तरी जाऊन येते असे मला लहानपणी खरेच वाटत असे.

पाचवीत असताना मी वर्गात धडा वाचताना 'तळ्याकाठी' या शब्दाचा 'तयाकाठी' असा उच्चार केला. पुस्तकात ळ छापलेला होता, डोळ्यांना दिसत होता, तरी जिभेने आपलेच म्हटले. वर्ग हसला. शिकवणाऱ्यांनी मला उभे करून तो शब्द दहा वेळा म्हणायला लावला आणि दहाही वेळा मी 'य' म्हटला. त्या संध्याकाळी शेळ्या घेऊन मी तळ्यावर गेले आणि कोणी नाही असे पाहून जीभ टाळूला उलटी लावून ळ, ळ, ळ म्हणत बसले. किती दिवस गेले ते आठवत नाही. पण एक दिवस तो आला. मला वाटले, मी आता शिकलेल्या माणसांत बसू शकते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा सातवीपर्यंत शिकले, मायचे शिक्षण चौथीवर थांबले, आजीला अक्षरओळख नाही. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. अशा घरातून आलेल्या मुलीला 'ळ' म्हणजे काय वाटत असेल, हे माझ्या वर्गातल्या पुष्कळ जणांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. आपण तो कमावलेला असतो. म्हणून तो दाखवावासा वाटतो, आणि नको तिथे दाखवला जातो.

मी तो आजीला दाखवला. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत वसतिगृहातली एक मैत्रीण आमच्या गावी आली होती. ती अमरावतीची, बोलणे अगदी पुस्तकासारखे. आजीला कोण कौतुक! चहा झाल्यावर ती मला म्हणाली, "जाय वं, इले तयं दाखवून आन." आणि मी, मैत्रिणीसमोर, म्हणाले, "आजी, तयं नाही. तळं. तळं म्हण."

आजीने माझ्याकडे पाहिले. तिने खरेच प्रयत्न केला. ओठ हलवले, जीभ आत ओढली आणि म्हणाली, "तडं."

मैत्रीण हसली. वाईट हसली नाही, पण हसली. मीही हसले, आणि तेच जास्त वाईट. आजी काही बोलली नाही. चहाच्या कपबशा उचलून आत गेली. त्या दिवसानंतर मी घरी असताना तिने तो शब्द वापरायचेच सोडले. "त्या पान्यावर जाऊ नोको", "तिकडच्या पान्यावर बगळे आले", असे म्हणू लागली. मला हे कळायलाही दोन सुट्ट्या लागल्या.

सरांच्या त्या तासानंतर मला लॉख सोडवेना. ज्या शब्दाचा उच्चार इंग्रजांना धड येत नाही तो शब्द स्कॉच लोक छातीठोकपणे आपल्याच घशातून म्हणतात आणि जग तो नकाशावर तसाच लिहिते, हे मला नवीन होते. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, बाकीचे सरांना विचारत गेले. हा शब्द मुळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेचा. सखल भागातली स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण. तिने तो शेजारणीकडून घेतला, जसे आपल्याकडे गोंडी-कोलामीच्या शेजाराने मराठी बोलीत शब्द येतात. आयर्लंडच्या जुन्या भाषेतही 'लॉख' होता आणि आजही तिथे तो आहे, फक्त इंग्रजीत लिहिताना अक्षरे वेगळी लावतात. त्याच्या कुळातला लॅटिन भाऊ 'लाकुस'. त्याचे फ्रेंचमध्ये 'लाक' झाले आणि त्याच वाटेने इंग्रजांचे 'लेक' आले. म्हणजे लेक आणि लॉख ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे. या कुळातला ग्रीक शब्द 'लाक्कोस'. त्याचा अर्थ वाचून मी थांबले: खड्डा, पाण्याचे टाके.

लॉख कसे झाले तेही वाचले. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्या डोंगर कोरत खाली सरकल्या, आणि बर्फ वितळल्यावर त्या कोरलेल्या दऱ्यांत पाणी साचले. लहानमोठी मिळून स्कॉटलंडात तीस हजारांवर लॉख आहेत. त्यातले लॉख नेस सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि सर्वांत खोल जागी सुमारे २३० मीटर आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचे पाणी एकत्र केले तरी त्यापेक्षा या एकट्यात जास्त पाणी आहे. त्यांचे तळे निसर्गाने खोदून दिलेले आहे.

आपल्याकडे असे नाही. दख्खनचे पठार लाव्ह्याचे. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला हा काळा दगड. त्यावरून पाणी वाहून जाते, निसर्गतः साचून राहिलेली सरोवरे फार थोडी. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार त्यातले. पण ते बर्फाने कोरलेले नव्हे, आकाशातून पडलेल्या उल्केने केलेले विवर. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आणि खारट. नावातच लोण, म्हणजे लवण, आहे. असे एखादे सोडले तर आमच्याकडे तळे म्हणजे माणसाने केलेले. कोणी तरी माती उचललेली असते, पाळ घातलेली असते. भंडारा-गोंदियाकडे गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आजही धान पिकवतात. नवेगावचा बांध त्यातलाच. आमच्या गावचे तळेही कोणी तरी बांधले होते. कोणी, ते पुढे येते.

उत्साहाच्या भरात मी एक मोठा शोधही लावला! 'लॉख' आणि 'लोणार' यांत 'लो' सारखा, म्हणून दोन्ही एकच. मराठीच्या सरांकडे धावत गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारले, "तुझे नाव आणि माझे नाव एकाच अक्षराने सुरू होते, तर आपण नातेवाईक का?" मग म्हणाले, "शब्दांचे नाते कानाने जोडू नये. यवतमाळ म्हटले की सगळ्यांना माळरान दिसते. पण अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी'त इथल्या परगण्याचे नाव योत-लोहारा असे आहे, आणि आपल्या नावातला 'माळ' हा महाल या शब्दाचा अपभ्रंश मानतात. महाल म्हणजे परगण्यासारखा महसुली भाग. माळरानाचा तिथे संबंध नाही."

मी त्यांना आजीच्या 'यवतमाय'बद्दल काही सांगितले नाही. तेवढे धैर्य अजून आले नव्हते. पण त्यांनी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' हातात दिला आणि झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताबद्दल सांगितले. या माणसाने पॅरिसमध्ये बसून १९२० साली मराठी भाषा कशी घडली यावर ग्रंथ छापला आणि १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. मला त्यातले अर्धे कळले नाही हे कबूल करते. पण कळले त्या अर्ध्याने माझी झोप उडवली.

संस्कृतात तळ्याला 'तडाग' म्हणतात. 'तटाक' असेही त्याचे एक रूप आहे. तडागाचे प्राकृतात 'तलाय', 'तलाअ' असे झाले आणि त्यातून आपला तलाव आला. तळे हे त्याच्या शेजारचेच. मला तर त्यात 'तळ' या शब्दाचीही सावली दिसते, कारण तळ असल्याशिवाय तळे कसे राहील? हिंदीतल्या तालाबात लोकांनी शेवटी फारसी 'आब', म्हणजे पाणी, बसवून टाकले असे म्हणतात. डोह हा शब्द तर 'ह्रद'पासून आला. ह्रद, मग द्रह, मग डोह. आमच्या अरुणावतीत पोहणाऱ्या पोरांना सांगितले की तुम्ही ह्रदात पोहता, तर ती मलाच पाण्यात टाकतील.

पण तडागातला तो 'ड'! पुस्तक हातात धरून मी कितीतरी वेळ तशीच बसले. आजी "तडं" म्हणाली होती, आणि आम्ही दोघी हसलो होतो.

आजीने संस्कृत उच्चारले असे मी म्हणत नाही; कानाने नाते जोडू नये, हे सरांनी शिकवले आहे. पण ड आणि ळ यांचे येणेजाणे फार जुने आहे हे तर खरे ना? गुडाचा गूळ झाला, षोडशाचे सोळा झाले. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ळ आहे आणि पुढच्या संस्कृतात त्याच शब्दात ड दिसतो. शिवाय दोन स्वरांमधल्या ल चाही मराठीने ळ केला: फल ते फळ, कमल ते कमळ. ज्या दिवशी पहिल्यांदा कोणी 'गुड' सोडून 'गूळ' म्हटले असेल त्या दिवशी एखाद्या शास्त्रीबुवांनी त्यालाही दहा वेळा उभे करून म्हणायला लावले असेल. आज 'गूळ' शुद्ध आहे. मग 'गूय' एवढा अशुद्ध का? जिभेने आणखी एक पाऊल टाकले, इतकेच. कोकणात आगरी-कोळी 'डोला' म्हणतात, आम्ही 'डोया' म्हणतो, पुण्यात 'डोळा' म्हणतात. दिसते सगळ्यांना सारखेच.

माझे हे बोलणे ऐकून वर्गातले एक मित्र म्हणाले, "मग उद्यापासून परीक्षेत 'तयं' लिही." मी लिहिणार नाही. हा निबंधही मी पुस्तकी मराठीतच लिहीत आहे, कारण लिहिण्याची एक रीत सगळ्यांना वाचता आली पाहिजे. पण लिहिण्याची रीत आणि आजीचे तोंड यांत फरक आहे. ग्रियर्सनसाहेबाने १९०५ साली छापलेल्या आपल्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात मराठीबरोबर वऱ्हाडीचेही नमुने दिले, उधळ्या मुलाची गोष्ट आमच्या बोलीत छापली. उद्धव शेळके यांनी १९६० साली 'धग' कादंबरीत माणसांना वऱ्हाडीत बोलू दिले, आणि मराठीचे प्राध्यापक ती आदराने शिकवतात. पुस्तकात छापलेली बोली आपल्याला गोड वाटते. घरातल्या ओसरीवर ऐकू आली की पाहुण्यांसमोर लाज वाटते.

स्कॉटलंडातही सगळे सुखाचे नव्हते. १८७२ साली तिथे शिक्षणाचा कायदा झाला. शाळा सर्वांना खुल्या झाल्या. पण त्यात गेलिकला जागाच नव्हती, आणि वर्गात ती बोलली म्हणून मुलांना मार बसत असे. म्हणजे ज्या भाषेने जगाला 'लॉख' दिला त्या भाषेतली मुलेही बाकावर उभी राहिली होती. पुढे २००५ साली त्याच भाषेला जपण्यासाठी तिथे वेगळा कायदा करावा लागला.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ साली, आमच्या गावचे तळे झाले.

हे मला पूर्वी मोघम माहीत होते. या उन्हाळ्यात आजीशेजारी खाटेवर बसून मी नीट विचारले. पावसाने दगा दिला होता. महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली; त्या वेळी मुख्यमंत्री आमच्याच जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. रोजगार हमीची सुरुवात त्याच काळातली, पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. रस्ते, खडी फोडणे, नाला बांधकाम आणि पाझर तलाव अशी कामे. पाझर तलाव म्हणजे ज्याचे पाणी पाटाने शेतात न्यायचे नाही. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी अडवायचे, ते हळूहळू जमिनीत मुरू द्यायचे आणि खालच्या बाजूच्या विहिरींना ते लागू द्यायचे. पाळीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड रचायचे, आणि जास्तीचे पाणी जायला कडेने सांडवा. पाहायला गेले तर उन्हाळ्यात असे तळे कोरडे पडते आणि लोक नावे ठेवतात. पण कोरडे पडणे हेच त्याचे काम असते. पाणी विहिरीत गेलेले असते.

आजी त्या वेळी नुकती लग्न होऊन आली होती. तिचेच शब्द देते.

"मी सतरा वर्साची असन. तुहा आबाजी कुदय मारे, मी टोपलं वाहो. सकायी अंधारात निंघो. हजेरी झाली का मंग पायीवर चढा, माती टाका, उतरा, मंग चढा. डोक्शावरचे केस गेले माहे. मिलो भेटे, लाल जवारी, गयाखाली उतरे नाई. लेकरायले सुकडी देत. एका बाईचं लेकरू तिथंच लिंबाखाली झालं. दुसऱ्या हप्त्यात ते टोपल्यात निजे अन् ती माती वाहे."

मी विचारले, "आणि पाणी कधी आले?"

"दुसऱ्या साली. रातभर पानी आलं. सकायी समदं गाव पाहाले गेलं. कोनी बोले नाई. आबाजीनं वाकून वंजयभर पानी तोंडाले लावलं." 'वंजय' म्हणजे ओंजळ, तिथेही ळ नाही.

आता तळ्यात गाळ साचला आहे. २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत पुष्कळ गावांचा गाळ निघाला. आमच्याकडे थोडा निघाला, आणि बाबांनी चार ट्रॉल्या गाळ आमच्या वावरात टाकला. काठावर एक पाटी आहे, तिच्यावर 'पाझर तलाव' लिहिले आहे. बाबा तलाठ्यासमोर 'तलाव' म्हणतात आणि घरी 'तयं' म्हणतात. धाकटा भाऊ 'डॅम' म्हणतो. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाल्यापासून तळे हा शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला आहे. आमच्या शेजाऱ्यांचे 'शेततयं' प्लास्टिक घातलेले आहे, त्यात आकाश फार निळे दिसते.

एवढे सगळे ऐकून होईस्तोवर आजी पूर्ण वेळ 'ते पानी', 'ते काम' असेच म्हणत होती. तिने स्वतःच्या डोक्यावरून माती वाहून जे केले त्याचे नाव ती माझ्यासमोर घेत नव्हती.

मी म्हटले, "आजी, चाल वं, तयावर जाऊ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तडावर म्हन. शिकलेली हायेस नं तू."

"पहिले लोक तडागच म्हणायचे आजी. तू बरोबर म्हणाली होतीस."

"कोन लोक?"

"फार जुने. राजे, पंडित."

"त्याईनं वाह्यली का माती?"

"त्यांनी नाही वाहिली."

"मंग त्याईले काय ठावं." ती उठली, पायात चप्पल घातली, कोपऱ्यातली काठी घेतली. "चाल. तयात आता पानी नसन, चिखूल असन. बकेट घे, येताना विहिरीवरून भरून आनू."

पाळीवर चढताना तिने माझा हात धरला नाही, मीच तिचा धरला. वर पोचल्यावर ती जरा थांबली, श्वास घेतला आणि काठीने सांडव्याच्या बाजूला खूण केली. "त्या लिंबापासून ते इथवरी," ती म्हणाली, "आमच्या टोयीची माती."